एक बेरीज, दोन मांडण्या

(प्रस्तावना)

मुक्ताईनगर तालुक्यात पासष्ट हा आकडा कोणाला नवा नाही. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तिथे योगी चांगदेवांचे मंदिर आहे. कोथळी आणि मेहूणला मुक्ताबाईंची स्थाने आहेत. या गुरू-शिष्यांच्या गोष्टीत एक कोरे पत्र येते. ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना काय घालावा हे चांगदेवांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी कोराच कागद धाडला. त्याला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, ती ‘चांगदेव पासष्टी’. आता हाच आकडा गणिताच्या वहीत मांडून पाहू. १ चा वर्ग आणि ८ चा वर्ग मिळून ६५ होतात. ४ चा वर्ग आणि ७ चा वर्ग मिळूनही ६५च होतात. दोन वेगवेगळ्या धन संख्यांच्या वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या. ओव्यांच्या संख्येचा आणि या गुणाचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तो ओढूनताणून जोडूही नये. पण या पुस्तकाचा विषय मात्र त्या एका ओळीत सापडतो: १² + ८² = ४² + ७².

एकच संख्या समान घातांच्या बेरजेने दोन किंवा अधिक प्रकारे मांडायची, एवढाच हा खेळ. डावीकडे वर्ग तर उजवीकडेही वर्ग. डावीकडे घन तर उजवीकडेही घन. मग चतुर्थ घात, पंचम घात, असे पुढे. अज्ञात संख्या चार, पाच, सहा आणि अट मात्र एकच. शिवाय उत्तर पूर्ण संख्यांतच हवे. अशा समीकरणांना प्राचीन अलेक्झांड्रियातल्या डायोफँटसच्या नावावरून डायोफँटाईन समीकरणे म्हणतात. शाळेत आपण जी समीकरणे सोडवतो त्यांत साधारणपणे जितकी अज्ञाते तितक्या अटी असतात आणि उत्तर ठरलेले निघते. इथे उत्तर मुळीच नसेल, मोजकी उत्तरे असतील किंवा अनंत असतील. यांतले काय खरे, हे समीकरणाकडे नुसते पाहून बहुतेक वेळा कळत नाही.

वर्गांपुरता हा प्रश्न फार जुना आणि बराचसा सुटलेला आहे. इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्ताने ‘भावना’ नावाचा एक नियम दिला. त्याचे एक रूप असे: दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्या घ्या आणि त्यांचा गुणाकार करा, तो गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि बहुतेक वेळा दोन प्रकारांनी.

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक − बड)² + (अड + बक)² = (अक + बड)² + (अड − बक)²

५ म्हणजे १² + २² आणि १३ म्हणजे २² + ३². त्यांचा गुणाकार ६५. वरच्या नियमात आकडे घातले की एका बाजूने ४ आणि ७ मिळतात, दुसऱ्या बाजूने ८ आणि १. पुढे १७ म्हणजे १² + ४² याने गुणले तर ११०५ येतात आणि त्यांच्या चार मांडण्या निघतात: ४ व ३३, ९ व ३२, १२ व ३१, २३ व २४. हवे तितके पुढे जा, मांडण्या वाढतच जातात. म्हणजे वर्गांच्या बाबतीत उत्तरे शोधत हिंडावे लागत नाही, ती नियमाने तयार करता येतात. पुढे घात वाढल्यावर ही सोय एकेक करून हातची जाते. ती गेल्यावर गणितज्ञांनी काय केले, हे पुढील प्रकरणांत आहे.

ब्रह्मगुप्ताचा हा वारसा ज्यांनी शिखराला नेला ते भास्कराचार्य. त्यांच्याशी आपल्या जळगाव जिल्ह्याचे नाते दगडावर कोरलेले आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. त्यांनी स्वतः सांगितलेले सह्याद्रीच्या कुशीतले विज्जडविड गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथे, म्हणजे आजच्या पाटणादेवीच्या परिसरात, भाऊ दाजी लाड यांना एकोणिसाव्या शतकात जो शिलालेख सापडला तो निःसंदिग्ध आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघण याच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमारास, त्याला दान दिले. हा ज्योतिषी चांगदेव आणि संगमावरचे योगी चांगदेव या दोन वेगळ्या व्यक्ती. जिल्हा एक आणि शतकही एक, म्हणून त्यांची गल्लत होते एवढेच. महत्त्वाचे हे, की आठशे वर्षांपूर्वी खानदेशात बीजगणित शिकवण्यासाठी उत्पन्न लावून दिलेली पाठशाळा होती.

त्या पाठशाळेत जे शिकवले जात असेल त्यातले दोन प्रश्न इथे मुद्दाम घेतो, कारण दोन्ही आपल्या विषयाच्या अगदी उंबऱ्यावर उभे आहेत. ‘बीजगणिता’त भास्कराचार्य विचारतात: समान छेद असलेल्या चार वेगवेगळ्या राशी सांग, ज्यांची बेरीज त्यांच्या वर्गांच्या बेरजेइतकी आहे, किंवा ज्यांच्या घनांची बेरीज वर्गांच्या बेरजेइतकी आहे. अज्ञाते चार आणि अट एक. उत्तर काढताना ते चार अज्ञाते घेतच नाहीत. राशींचे प्रमाण ते स्वतः ठरवतात, १ : २ : ३ : ४. मग अज्ञात उरते एकच, ते म्हणजे माप. त्या मापाला ‘य’ म्हणू. राशींची बेरीज १०य, वर्गांची बेरीज ३०य². दोन्ही समान असतील तर य = १/३. राशी झाल्या १/३, २/३, ३/३, ४/३. दुसऱ्या प्रश्नात घनांची बेरीज १००य³, वर्गांची ३०य², म्हणून य = ३/१० आणि राशी ३/१०, ६/१०, ९/१०, १२/१०. ताळा करून पाहा: दोन्ही बेरजा २७/१० येतात.

दुसरा प्रश्न याहून देखणा आहे. अशा दोन राशी सांग, ज्यांच्या घनांची बेरीज पूर्ण वर्ग आहे आणि वर्गांची बेरीज पूर्ण घन आहे. इथे ते राशी धरतात य² आणि २य². घनांची बेरीज ९य⁶, म्हणजे ३य³ चा वर्ग. पहिली अट आपोआप पुरी झाली, कारण १ आणि २ यांच्या घनांची बेरीज ९ असते आणि ९ हा वर्ग आहे. उरली दुसरी अट: ५य⁴ हा घन हवा. य = २५ धरले की तो ५ चा नववा घात होतो, म्हणजे १२५ चा घन. राशी ६२५ आणि १२५०. वर्गांची बेरीज १९,५३,१२५ = १२५³. घनांची बेरीज २,१९,७२,६५,६२५ = ४६,८७५².

या दोन्ही उत्तरांत प्रमाण आधी निवडले आहे आणि मापाने उरलेले काम केले आहे. बीजगणिताचे खरे बीज अक्षरे नव्हेत, बुद्धी आहे, असे भास्कराचार्य का म्हणतात ते इथे कळते. १ : २ हे प्रमाण कोणत्याही नियमातून निघालेले नाही, ते सुचलेले आहे. पण आता दोन्ही बाजूंना एकच घात ठेवून पाहा. चार राशी घेऊन दोन घनांची बेरीज दुसऱ्या दोन घनांच्या बेरजेइतकी करायची आहे. सगळ्या राशी दुप्पट केल्या तर दोन्ही बाजू आठपट होतात. समीकरण खरे असेल तर खरेच राहते आणि खोटे असेल तर खोटेच. लहान फोटो मोठा करून घेतला तरी चेहरा बदलत नाही, तसे. मापाची मदत इथे संपली. प्रमाणच बरोबर सापडायला हवे. समान घातांचे प्रश्न अवघड का, याचे माझ्या मते सर्वांत साधे उत्तर हे आहे, आणि या पुस्तकातली प्रत्येक युक्ती योग्य प्रमाण गाठण्याचीच एक वाट आहे.

अवघडपणा घातासोबत किती वाढतो हे साध्या मोजणीने दिसते. १ ते १,००० या संख्यांच्या सुमारे ५ लाख जोड्या होतात. त्यांच्या वर्गांच्या बेरजा २० लाखांच्या आत असतात, म्हणून कितीतरी जोड्यांची बेरीज एकच येते. घनांच्या बेरजा २०० कोटींपर्यंत पसरतात. चतुर्थ घातांच्या २ लाख कोटींपर्यंत. पंचम घातांच्या २० कोटी कोटींपर्यंत. जोड्या तेवढ्याच राहतात, त्यांच्यातली अंतरे मात्र वाढत जातात.

घनांचे पहिले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे: १७२९ = १³ + १२³ = ९³ + १०³. आजारी रामानुजनना भेटायला आलेल्या हार्डींच्या टॅक्सीचा हा क्रमांक. ही संख्या फ्रेनिक्ल या फ्रेंच गणितज्ञाला १६५७ सालीच सापडली होती. गोष्टीचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. चतुर्थ घातांचे असे उदाहरण कोणते, असे हार्डींनी लगेच विचारले. रामानुजन थोडा विचार करून म्हणाले, की चटकन दिसत नाही, पण ती संख्या फार मोठी असावी. ती ऑयलरला आधीच सापडलेली होती: ६३,५३,१८,६५७ = ५९⁴ + १५८⁴ = १३३⁴ + १३४⁴. १७२९ च्या मानाने ही उडी केवढी आहे ते पाहा.

ऑयलरची घनांची रीत तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे. तिचा गाभा इथे सांगतो. दोन संख्यांऐवजी त्यांची बेरीज आणि वजाबाकी धरायची. राशी प + फ आणि प − फ असतील तर घनांची बेरीज २प(प² + ३फ²) होते. दुसऱ्या बाजूला त आणि थ घेतले की प्रश्न असा उरतो: प(प² + ३फ²) = त(त² + ३थ²). १७२९ साठी १२ आणि १ यांची बेरीज १३, वजाबाकी ११; १० आणि ९ यांची बेरीज १९, वजाबाकी १. सगळ्या राशी दुप्पट झाल्याने काही बिघडत नाही, हे वर आलेच आहे. १३ × (१६९ + ३६३) = ६,९१६ आणि १९ × (३६१ + ३) = ६,९१६. कंसातले प² + ३फ² हे रूप ब्रह्मगुप्ताची भावना पाळते: अशा दोन संख्यांचा गुणाकार त्याच रूपाचा असतो. सातव्या शतकातले साधन अठराव्या शतकातल्या कोड्यात असे नेमके बसते, आणि त्यातून घनांची अनंत उत्तरे एका सूत्रात मिळतात.

पंचम घातांवर आल्यावर वाट थांबते. दोन पंचम घातांची बेरीज दुसऱ्या दोन पंचम घातांच्या बेरजेइतकी असल्याचे एकही खरे उदाहरण आजवर सापडलेले नाही, आणि ते नसतेच असे कोणी सिद्धही केलेले नाही. पदे वाढवली की मात्र मोकळीक मिळते. तीन-तीन पदांचे सहाव्या घाताचे एक सुंदर उदाहरण के. सुब्बाराव यांनी १९३४ मध्ये दिले: ३, १९, २२ एका बाजूला आणि १०, १५, २३ दुसऱ्या बाजूला. सहाव्या घातांच्या दोन्ही बेरजा १६,०४,२६,५१४ येतात आणि वर्गांच्या दोन्ही बेरजा ८५४.

पदे किती लागतात यावरही ऑयलरने एक अंदाज बांधला होता. ३³ + ४³ + ५³ = ६³ हे त्याला माहीत होते. घनासाठी तीन घन लागतात, तसे चतुर्थ घातासाठी किमान चार चतुर्थ घात, पंचमासाठी किमान पाच, असे त्याने १७६९ मध्ये म्हटले. दोनशे वर्षे कोणाला ते खोडता आले नाही. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणकाकडून २७⁵ + ८४⁵ + ११०⁵ + १३३⁵ = १४४⁵ हे उत्तर काढून घेतले आणि दोन वाक्यांच्या निबंधात छापले. चतुर्थ घातांचा अंदाज मात्र नुसत्या वेगवान संगणकाने पडला नाही. नोम एल्किस यांनी विवृत्तीय वक्रांचा आधार घेऊन २६,८२,४४०, १,५३,६५,६३९ आणि १,८७,९६,७६० यांच्या चतुर्थ घातांची बेरीज २,०६,१५,६७३ च्या चतुर्थ घाताइतकी असल्याचे दाखवले. त्यांचा निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉजर फ्राय यांनी सर्वांत लहान उत्तर शोधले: ९५,८००, २,१७,५१९ आणि ४,१४,५६० यांच्यापासून ४,२२,४८१.

या राक्षसी आकड्यांत एक गोष्ट आठवीच्या मुलालाही दिसेल. दोन्ही उत्तरांत डावीकडच्या तीनपैकी दोन संख्यांच्या शेवटी शून्य आहे. त्यांचे ५ ने भागले जाणे हा योगायोग नाही. कोणत्याही संख्येच्या चतुर्थ घाताला ५ ने भागले तर बाकी ० किंवा १ च उरते. उजवीकडची संख्या ५ ने भागली जात नसेल तर तिथे बाकी १. मग डावीकडच्या तिघींपैकी एकीचीच बाकी १ असू शकते, उरलेल्या दोघी ५ च्या पटीत. उजवीकडची ५ ने भागली जात असेल तर चारही भागल्या जातात आणि तो ५ आधीच काढून टाकता येतो. १६ ने भागूनही हाच तर्क चालतो आणि डावीकडच्या दोन संख्या सम ठरतात, मात्र त्या ५ च्या पटीतल्याच दोन असायला हव्यात असे नाही. म्हणजे शोध सुरू होण्याआधीच बहुतेक प्रमाणे बाद होतात. बाकी पाहण्याची ही सवय वाचकाने पहिल्या प्रकरणापासून लावून घ्यावी. पंचम घातांसाठी ११ ने भागा: बाकी ०, १ किंवा १० यांपैकीच एक असते. लँडर-पार्किन यांचे उत्तर या कसोटीवर घासून पाहायला दहा मिनिटे पुरतात.

शेवटचे मोठे प्रकरण अनेक घात एकाच वेळी साधण्याविषयी आहे, आणि ते घराघरांत आधीच पोहोचलेले आहे. पंधराचे यंत्र आपण पाहिलेले असते: ८ १ ६, ३ ५ ७, ४ ९ २. वरच्या आणि खालच्या ओळीची बेरीज १५ आहे हे सगळे जाणतात. त्या दोन ओळींच्या वर्गांची बेरीजही सारखी, १०१, हे क्वचितच कोणी पाहते. तिन्ही ओळी तीन अंकी संख्या म्हणून वाचा आणि मग उलट्या वाचा: ८१६, ३५७, ४९२ यांच्या वर्गांची बेरीज आणि ६१८, ७५३, २९४ यांच्या वर्गांची बेरीज, दोन्ही १०,३५,३६९. आणखी एक गंमत अशी, की ८, १, ६ आणि ४, ९, २ या सहाही संख्यांत हवी ती एकच संख्या मिळवली तरी समानता टिकते. बेरजा आणि वर्गांच्या बेरजा आधीच समान असल्याने विस्तारातले प्रत्येक पद जुळते. म्हणजे इथे सगळ्या राशी एकाच अंतराने सरकवण्याचे स्वातंत्र्य जास्तीचे मिळते.

प्रूए याने १८५१ मध्ये दाखवलेली युक्ती तर वहीच्या एका पानावर करता येते. १ ते ८ लिहा आणि त्यांना अ ब ब अ, ब अ अ ब अशी अक्षरे द्या. अ गटात १, ४, ६, ७ येतात आणि ब गटात २, ३, ५, ८. बेरजा समान, वर्गांच्या बेरजाही समान. आता सगळी ओळ उलट अक्षरांनी पुढे चालवा आणि १६ पर्यंत जा: घनांच्या बेरजाही समान होतात, दोन्ही ९,२४८. ओळीची लांबी दुप्पट केली की एक घात वाढतो. पण आठ-आठ संख्या वापरून तीन घात साधणे ही उधळपट्टी झाली. १, ५, ८, १२ आणि २, ३, १०, ११ या चार-चार संख्यांतच तिन्ही घात जुळतात. कमीत कमी संख्यांत जास्तीत जास्त घात साधणे हा टॅरी आणि एस्कॉट यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न. भारतीय परराष्ट्र सेवेत काम केलेल्या अजय चौधरी यांनी या आणि समान घातांच्या इतर प्रश्नांवर कित्येक वर्षे शोधनिबंध लिहिले आहेत.

राजनैतिक अधिकारी गणितात एवढी मजल मारतो याचे महाराष्ट्राला नवल वाटू नये. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती, ना विद्यापीठाची खुर्ची. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाने जगभरच्या पुस्तकांत जागा मिळवली. अंकांशी खेळताना जे दिसते ते नीट टिपून ठेवणे आणि मग ‘असे का’ हे विचारणे, एवढ्या दोन गोष्टी त्यांच्याकडे होत्या. या पुस्तकाच्या वाचकालाही त्या पुरतील. भाषा मुद्दाम दहावीच्या बीजगणिताच्या पलीकडे नेलेली नाही; एल्किस यांच्या वक्रांचे प्रकरण तेवढे अपवाद आहे आणि पहिल्या वाचनात ते ओलांडले तरी चालेल. संगणक किंवा मोबाइल वापरायला हरकत नाही, पण आधी बाकी तपासा, मग शोध लावा.

वाचकाने सुरुवात भास्कराचार्यांच्या चार राशींपासून करावी असे मी सुचवेन. १, २, ३, ४ हे त्यांचे प्रमाण सोडून स्वतःचे घ्या, १, २, ३, ५ म्हणा, आणि उत्तर काढा. ते हमखास निघेल. मग दोन्ही बाजूंना घन ठेवून तोच प्रयत्न करा आणि कुठे अडता ते लिहून ठेवा. अडलात त्या जागेपासून तिसरे प्रकरण सुरू होते.

मुक्ताईनगर